जुन्या नोकियातलं जावा अ‍ॅप नव्या फोनवर चालतंय पण नोंदी दिसत नाहीत – मदत हवी

पागोळी
नमस्कार मंडळी. विषय जुन्या जमान्यातला आहे पण इथे तशी माणसं आहेत म्हणून विचारतेय.

आमचं घर देवरुखजवळच्या एका गावात. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेतून रिटायर झाल्यावर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचे. अंगणात पर्जन्यमापक, काचेचं मापपात्र, आणि एक लाल वही. २००५ च्या मे महिन्यात माझ्या मामेभावाने (तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता) आप्पांच्या नोकिया ६६०० साठी एक छोटंसं जावा अ‍ॅप करून दिलं. तारीख, मिलिमीटर आणि एक ओळ शेरा, बस इतकंच. आप्पांना ते इतकं आवडलं की वही सुटली. २०११ च्या पावसाळ्यानंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते परत वहीवर आले. म्हणजे आधीच्या वह्या आहेत, नंतरच्या आहेत, मधले सात पावसाळे फक्त त्या फोनमध्ये.

आप्पा गेल्या वर्षी गेले. फोन अजून चालू होतो. मामेभावाच्या जुन्या मेलमध्ये अ‍ॅपची जार फाईल सापडली, ती मी माझ्या अँड्रॉइडवर जेटूएमई लोडर (जुन्या जावा जार चालवणारा प्रोग्रॅम) टाकून उघडली. अ‍ॅप उघडलं सुद्धा, तोच हिरवा मथळा! पण आत एकही नोंद नाही. नोंदी कुठे गेल्या? नोकियावरून अ‍ॅप एकदा काढून परत टाकलं तर काही होईल का?

हेक्स
काढू नका!!! आधी हे वाचा मग बाकीचं.

जार म्हणजे नुसता प्रोग्रॅम. तुम्ही भरलेली माहिती जारमध्ये जात नाही, ती फोन स्वतःकडे वेगळी ठेवतो, तिला आरएमएस म्हणतात, रेकॉर्ड मॅनेजमेंट सिस्टिम. आणि नियमच असा आहे की अ‍ॅप काढलं की त्याचं आरएमएस पण पुसलं जातं. म्हणून अ‍ॅप काढायचं नाही, फोन रीसेट करायचा नाही, कोणी 'मेमरी फॉरमॅट कर' म्हटलं तर ऐकायचं नाही. नवीन फोनवर अ‍ॅप कोरं दिसणारच, कारण त्या फोनने अजून एकही नोंद पाहिलेली नाही.

पागोळी
बापरे. बरं झालं विचारलं. आज दुपारी काढणारच होते.

खारीबिस्किट
६६००!! माझा पहिला फोन. साबणाच्या वडीसारखा गुबगुबीत, खिशात ठेवला की शर्ट एका बाजूला ओघळायचा. ब्लूटूथने अख्ख्या हॉस्टेलमध्ये गेम वाटायचो आम्ही. कोणाच्या खोलीत नवीन जार आली की जेवणाची रांग सोडून तिकडे पळायचो.

रेल्वेफाटक
अवांतर होईल पण लिहितोच. माझ्याकडे मोटोरोला होता आणि मित्राकडे नोकिया. त्याच्याकडचे गेम माझ्याकडे इन्स्टॉल व्हायचे आणि उघडताच बंद पडायचे. मला वाटायचं फोनच खराब आहे. पुढे स्वतः जावा शिकलो तेव्हा कळलं की नोकियाने पूर्ण स्क्रीन वापरण्यासाठी स्वतःचा वेगळा फुलकॅनव्हास दिला होता, कारण मिडप १.० (मोबाईल जावाचं तेव्हाचं प्रमाण) मध्ये ती सोयच नव्हती. गेमवाले तो वापरायचे आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनला तो क्लासच सापडायचा नाही. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे जावाचं ब्रीद खरं, पण प्रत्येक फोनसाठी वेगळी जार करावी लागायची. १२८ बाय १२८ ची वेगळी, १७६ बाय २०८ ची वेगळी, २४० बाय ३२० ची वेगळी.

@पागोळी, लोडरमध्ये तुमची खालची दोन बटणं (ऑप्शन्स, बॅक) नीट चालतात का? नसतील तर सेटिंगमध्ये की-लेआउट बदलून बघा. नोकियात डावं बटण उणे ६ आणि उजवं उणे ७ असा नंबर पाठवायचं, मोटोरोलात उणे २१ आणि उणे २२, सीमेन्सचं अजून तिसरंच. गेम अडकतो तो बहुतेक इथे.

पागोळी
बटणं चालतायत. फक्त आत काही नाही :(

निवांत
मला प्रामाणिकपणे वाटतं एवढा खटाटोप करू नये. फोन चालू होतोय ना? मग उघडून एकेक नोंद बघा आणि वहीत उतरवा. कोकणातला पाऊस धरला जून ते ऑक्टोबर, दीडशे दिवस, सात वर्षं, हजार-अकराशे नोंदी. दोन-तीन रविवारचं काम आहे. तुमच्या हातून आप्पांच्या नोंदी लिहिल्या जातील, त्यालाही काही अर्थ आहे.

हेक्स
@निवांत, भावना पटते, पण तो फोन वीस वर्षांचा आहे. बॅटरी कधी जाईल सांगता येत नाही, आणि हजार नोंदी हाताने उतरवताना आकडे चुकतात. पावसाच्या नोंदीत एक टिंब इकडचं तिकडे झालं की संपलं. आधी फाईल बाहेर काढू, मग हवं तर वहीतही उतरवा.

निवांत
फाईल बाहेर आली तर उत्तमच. मी फक्त म्हणतोय त्यावर अडून बसू नका, तोवर रोज पन्नास नोंदींचे फोटो तरी काढून ठेवा.

पागोळी
निवांतदादा, फोटो काढायला सुरुवात केली होती पण एक अडचण आहे, जॉयस्टिक खाली जात नाही. वर, डावी, उजवी चालते. अ‍ॅपमध्ये यादी आहे आणि एकेक नोंद उघडून मागे यावं लागतं.

जुनाबाजार
६६०० ची जॉयस्टिक जायचीच, आमच्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे ६६०० त्यासाठीच यायचे. (माझं बुधवार पेठेत दहा वर्षं दुकान होतं.) खाली जात नसेल तर वर दाबा, यादी वरून संपली की शेवटच्या नोंदीवर जाते, गोल फिरते. त्यामुळे अडत काही नाही, फक्त उलटं चालायचं. स्वतः उघडायला जाऊ नका, आत एक पातळ रिबन असते ती तुटली तर स्क्रीन जाईल.

बॅटरीचं म्हणाल तर ती बीएल-५सी आहे, आजही कुठेही मिळते, छोट्या रेडिओ-स्पीकरमध्ये हीच घालतात. जुनी थोडीशी जरी फुगली असेल तर लगेच बदला. चार्जर मात्र जाड पिनवाला लागेल, बारीक पिनचा नाही. बॅटरी काढायच्या आधी फोन नीट बंद करा, चालू असताना उपसू नका.

सदाफुली
माझं जावाशी नातं वेगळंच आहे. २००९ ला मी अमरावतीला होस्टेलवर, साधा नोकिया, त्यात देवनागरी दिसायचीच नाही, मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. कोणीतरी सांगितलं ऑपेरा मिनी टाक, पत्त्याच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग लिही आणि सगळ्यात खाली 'कॉम्प्लेक्स लिपीसाठी बिटमॅप फॉन्ट' असं आहे तिथे येस कर. केलं, आणि अक्षरं आली! मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत मराठी वाचत बसले होते, जीपीआरएसचा रोजचा पॅक संपेपर्यंत. हे कसं व्हायचं कोणी सांगेल का?

रेल्वेफाटक
ऑपेरा मिनी पान तुमच्या फोनवर उघडतच नव्हतं. ते त्यांच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे दाबून लहान व्हायचं आणि तयार माल फोनकडे यायचा. म्हणून शंभर-दोनशे केबीच्या जारमध्ये ब्राउझर मावायचा. तो पर्याय चालू केला की जोडाक्षरं, वेलांट्या सगळं सर्व्हरच जुळवायचा आणि अक्षरांची चित्रं पाठवायचा. फोनला फॉन्टची गरजच नाही. थोडा डेटा जास्त जायचा इतकंच. माझ्या मते भारतात जावाने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. गेम सगळ्यांना आठवतात, पण चौकोनांच्या जागी 'क' दिसला तो क्षण मी विसरणार नाही.

सदाफुली
+१००. डोळ्यात पाणी आणलंत.

मस्कतकर
इथे ओमानमध्ये ऑफिसने मला पाम ट्रिओ ६५० दिला होता. त्यात जावा नव्हतंच, आयबीएमचं जे-नाइन वेगळं उतरवून टाकायला लागायचं, तेव्हा जार चालायची. पुढे विंडोज मोबाईलवाला फोन आला, त्यात मिडलेट मॅनेजर नावाचं एक वेगळं अ‍ॅप, जार त्यातूनच उघडायची. स्टायलसने टिचकी मारत बुद्धिबळ खेळायचो. जार तीच, पण तिला चालवणारं मशीन प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या. त्यामुळे आज एका लोडरमध्ये तीच जार सहज उघडते याचं मला खरंच कौतुक वाटतं, ज्यांनी तो फुकट करून दिलाय त्यांचे आभार.

दोन_सिमवाला
चायना मोबाईलवाले कोणी आहेत का? आमच्या त्या मोबाईलमध्ये जावाला कुठल्या सिमवरून नेट द्यायचं ते वेगळं सेट करायला लागायचं, ते नाही केलं की ऑपेरा मिनी नुसतं 'कनेक्टिंग' म्हणत बसायचं. अख्ख्या गावाचे मोबाईल मी सेट करून दिलेत, बदल्यात चहा.

खारीबिस्किट
चहाचा हिशोब लिहायला पण एक जावा अ‍ॅप हवं होतं मग :)

हेक्स
मूळ प्रश्नाकडे येऊया. @पागोळी, तुमचं नशीब चांगलं आहे की फोन ६६०० आहे. तो सिम्बियनचा (नोकियाच्या तेव्हाच्या स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) जुना प्रकार, एस६० सेकंड एडिशन. त्यात फाईल मॅनेजर टाकला की सिस्टिमचे सगळे फोल्डर उघडे दिसतात. पुढच्या थर्ड एडिशनपासून (एन७३ वगैरे) त्यांनी हे कुलूपबंद केलं, तिथे फार झगडावं लागलं असतं.

काय करायचं: एफएक्सप्लोरर नावाचा फाईल मॅनेजर होता, त्याची सेकंड एडिशनची एसआयएस (सिम्बियनवर इन्स्टॉल करायची) फाईल शोधा, लॅपटॉपवरून ब्लूटूथने नोकियाला पाठवा, मेसेज म्हणून येईल, उघडली की इन्स्टॉल होईल. मग सी ड्राइव्ह, सिस्टिम, मिडलेट्स. अ‍ॅप मेमरी कार्डवर टाकलेलं असेल तर ई ड्राइव्हमध्ये तेच. आत अ‍ॅपच्या नावाचं फोल्डर मिळेल, जारच्या शेजारी आरएमएसची फाईल असेल. ती कॉपी करा, कट नाही, आणि लॅपटॉपला ब्लूटूथने पाठवा. अँड्रॉइड फोनला पाठवू नका, तो अनोळखी प्रकारची फाईल घेत नाही.

ती फाईल तशीच लोडरमध्ये टाकून चालणार नाही, नोकियाची मांडणी वेगळी आणि लोडरची वेगळी. पण आपल्याला आकडे हवेत ना, ते काढू.

पागोळी
हे सगळं शनिवारी भाऊ आला की करते. खूप खूप आभार. तोवर वर-वर दाबून फोटो चालू आहेत, २०११ पासून मागे मागे चाललेय. १४ सप्टेंबर २०११ ला आप्पांनी रोमनमध्ये लिहिलंय, "ओढ्याला पाणी, बस आली नाही". आईला वाचून दाखवलं, तिला तो दिवस आठवला.

घाटमाथा
वाचतोय. पुढे काय झालं जरूर लिहा.

पागोळी
(सहा दिवसांनी) मिळाली!! फोल्डर अगदी हेक्स यांनी सांगितलं तिथेच होतं. फाईल चाळीसेक केबीची आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर आप्पांचे शेरे मध्येमध्ये स्पष्ट वाचता येतात, "जोराचा वारा", "गणपती बसले", "माडावर वीज". पण त्यांच्यामध्ये सगळा कचरा दिसतो. तारखा आणि मिलिमीटर कुठे आहेत?

हेक्स
तो कचराच तारखा आणि मिलिमीटर आहे :) नोटपॅड नको, हेक्स एडिटरमध्ये उघडा (तो फाईलमधला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवतो). प्रत्येक शेऱ्याच्या लगेच आधी दोन बाइट असतील, ती शेऱ्याची लांबी. त्याच्या आधी चार बाइट म्हणजे बहुधा पाऊस, आणि त्याच्या आधी आठ बाइट म्हणजे तारीख, १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. जावात मोठा बाइट आधी येतो. २००५ च्या जुलै-ऑगस्टमधल्या नोंदी ०० ०० ०१ ०५ अशा सुरू होताना दिसतील. तो ०५ दर साधारण ५० दिवसांनी एकाने वाढतो, त्यामुळे नुसत्या नजरेनेही अंदाज येतो. नोंदी क्रमाने नसतील, घाबरू नका, शेवटी तारखेने लावून घेऊ.

पागोळी
भावाने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून सगळं काढलं. १०४७ नोंदी! तारखा दिसतायत. पण पाऊस चुकीचा येतोय. एका दिवसाचा २८७४ मिलिमीटर? एवढा तर चेरापुंजीला पण पडत नसेल.

रेल्वेफाटक
तो २८७.४ आहे. त्या काळच्या फोनमध्ये दशांशाचे आकडेच नव्हते हो! ६६०० मध्ये मिडप २.० असलं तरी त्याच्या खाली सीएलडीसी १.० (जावाचा मूळ पाया) होतं आणि त्यात फ्लोट, डबल काहीच नाही. अपूर्णांक हवा असेल तर प्रोग्रॅमरने दहाने गुणून पूर्णांक ठेवायचा आणि दाखवताना मध्ये टिंब घालायचं. सीएलडीसी १.१ मध्ये ती सोय आली. तुमच्या मामेभावाला विचारून खात्री करा.

पागोळी
त्याला फोन केला. त्याला बाकी काही आठवत नाहीये पण म्हणाला, "दशांश चालत नव्हता म्हणून रात्रभर जागलो होतो ते मात्र पक्कं आठवतंय." म्हणजे बरोबर! फोटोतल्या आकड्यांशीही जुळलं. २८७.४ ची तारीख २६ जुलै २००५ आहे. ती तारीख तर सगळ्यांच्याच लक्षात आहे.

घाटमाथा
२६ जुलै. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी झाला तोच दिवस, आणि कुलाब्याला त्याच वेळी जेमतेम ७३. मी त्या रात्री कल्याणला ट्रेनमध्येच होतो.

पण एक शंका येतेय. मी स्वतः घरी पाऊस मोजतो म्हणून विचारतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. २६ ला दिवसभर आणि रात्री पडलेला पाऊस २७ च्या सकाळी मोजला जातो आणि २७ तारखेला लिहिला जातो. आप्पा साडेआठला मोजायचे म्हणजे त्यांना हे नक्की माहीत असणार. मग २८७.४ हा २७ तारखेला असायला हवा होता, २६ ला कसा?

निवांत
कदाचित त्यांनी त्या दिवशी आदल्या तारखेला लिहिला असेल.

घाटमाथा
शक्य आहे, पण शिस्तीचा माणूस दिसतोय. दुसरी एखादी नोंद तपासा जिची तारीख पक्की माहीत आहे.

सदाफुली
"गणपती बसले"!

पागोळी
सदाफुली, तुम्ही ग्रेट आहात. २००५ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, आईच्या जुन्या कॅलेंडरवर पण बघितलं. आणि आमच्या यादीत "गणपती बसले" ६ सप्टेंबरला येतंय. भावाने काढलेल्या सगळ्या तारखा एक दिवस मागे आहेत. फोनवरच्या फोटोत मात्र ७ च आहे, मीच ताडून बघितलं नव्हतं.

हेक्स
चूक माझी, सांगायला हवं होतं. फोनने तारीख ठेवताना आपल्याकडची मध्यरात्र धरली आणि ती ग्रीनिचच्या वेळेत साठवली. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपली मध्यरात्र म्हणजे तिकडची आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहा. भावाला म्हणावं तारीख काढायच्या आधी साडेपाच तास मिळव.

पागोळी
मिळवले. गणपती ७ ला बसले, २८७.४ गेला २७ जुलैला. घाटमाथा, आप्पांची शिस्त बरोबर होती.

घाटमाथा
वा! नमस्कार त्यांना.

मस्कतकर
इतका सुंदर धागा बऱ्याच दिवसांनी वाचला. एक विचारायचं राहिलं, मूळ प्रश्न होता अ‍ॅप नव्या फोनवर चालवायचं. ते जुन्या नोंदींसकट चाललं का?

पागोळी
चाललं. भावाला लोडरची फाईल-मांडणी समजायला वेळ लागला म्हणून त्याने वेगळी युक्ती केली. एक छोटी जार लिहिली, अ‍ॅपचं आणि कंपनीचं नाव तेच ठेवून. ती लोडरमध्ये जुन्याच्या जागी टाकली, तिने १०४७ नोंदी आरएमएसमध्ये भरल्या, मग तिच्या जागी परत मामेभावाची मूळ जार टाकली. आता आईच्या फोनवर तोच हिरवा मथळा आणि सगळ्या नोंदी आहेत. मूळ ६६०० बंद करून, बॅटरी वेगळी काढून, डब्यात ठेवलाय. यादीची एक प्रत छापून लाल वह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध बांधली.

आज सकाळी साडेआठला आईने स्वतः मापपात्र धरलं आणि मी अ‍ॅपमध्ये पहिली नवी नोंद केली, ४१.२. शेऱ्यात काय लिहू विचारलं तर म्हणाली, "लिही, आज आम्ही मोजला."

@घाटमाथा, एक विचारायचं होतं. पर्जन्यमापकाच्या बाजूला चाफा आहे, इतक्या वर्षांत तो बराच वाढलाय, फांदी जवळजवळ वर आलीय. तोडावी लागेल का?

घाटमाथा
फांदी तोडून भागणार नाही. जवळच्या झाडाची जितकी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवं, नाहीतर वाऱ्याने पाऊस अडतो आणि फांदीवरचं पाणीही आत ठिबकतं. चाफा राहू द्या, मापक अंगणाच्या मोकळ्या बाजूला हलवा आणि हलवल्याची तारीख शेऱ्यात लिहून ठेवा.